विश्लेषण : ऑटोमॅटिक घड्याळ सतत चालू ठेवण्यासाठी ‘वाइंडर’ खरेच लागतो का?

सेल नसलेले, हाताच्या हालचालीवर चालणारे घड्याळ काढून ठेवले की दीड-दोन दिवसांत थांबते. ते थांबू नये म्हणून फिरत्या पेट्या बाजारात आल्या आहेत. पण घड्याळाला त्यांची गरज किती? आणि आरे-वारेसारख्या खाऱ्या, दमट हवेत घड्याळाला खरा धोका कशापासून असतो?

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे किनाऱ्याच्या रस्त्याने निघाले की आरे-वारे लागते. चढावरच्या वळणावर थांबून दोन्ही किनाऱ्यांचे फोटो काढल्याशिवाय पर्यटक पुढे जात नाहीत. आमचे घर याच भागात आहे आणि आजोबा तिथेच राहतात. त्यांच्या हातात १९८०च्या दशकात मुंबईहून आणलेले एचएमटीचे ऑटोमॅटिक घड्याळ असते. गेल्या हिवाळ्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर महिनाभरातच हे घड्याळ पहाटे बंद पडू लागले. कधी तीनला, कधी साडेचारला. दिवसभर हातात असायचे आणि सकाळी उठून पाहावे तर काटे थांबलेले.

घरात दोन मते पडली. वडिलांच्या मते घड्याळाचे वय झाले, आता ते कपाटात ठेवावे. मुंबईतल्या चुलत भावाने तोडगा म्हणून ऑनलाइन ‘वॉच वाइंडर’ मागवला. रात्री घड्याळ त्या पेटीत ठेवायचे, पेटी ते हळूहळू फिरवत राहील आणि सकाळी घड्याळ चालू मिळेल. पेटी आली, पण आजोबांना ती पटेना. घड्याळ हातात घालायचे असते, पाळण्यात घालायचे नसते, असे त्यांचे म्हणणे. बिघाड घड्याळात आहे, की घड्याळ घालणाऱ्याच्या दिवसात काही बदलले आहे, हे त्या वेळी कुणीच तपासले नव्हते. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना समजलेल्या या गोष्टी आहेत.

ऑटोमॅटिक घड्याळ चालते कसे?

घड्याळे ढोबळमानाने तीन प्रकारची असतात. पहिले सेलचे म्हणजे क्वार्ट्झ घड्याळ. दुसरे रोज चावी द्यावी लागणारे. तिसरे ऑटोमॅटिक. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात आतली यंत्रणा जवळपास सारखीच असते. एका गोल डबीत पोलादाची लांब, चपटी स्प्रिंग गुंडाळलेली असते. ती उलगडताना जी ताकद सुटते तिच्यावर दातेरी चाके आणि काटे फिरतात. सगळी ताकद एकदम सुटू नये म्हणून पुढे एक अडथळा असतो. तो ती थोडी थोडी सोडतो. आपल्याला ऐकू येणारी टिकटिक त्याचीच.

फरक आहे तो स्प्रिंग गुंडाळण्याच्या पद्धतीत. चावीच्या घड्याळात ते काम आपली बोटे करतात. ऑटोमॅटिकमध्ये ते काम रोटर करतो. रोटर म्हणजे मधोमध आसावर बसवलेली धातूची जड अर्धचकती. घड्याळाचे मागचे झाकण काचेचे असेल तर तो डोळ्यांनी दिसतो. हात हलला की जड बाजू गुरुत्वाकर्षणाने खाली येते, रोटर फिरतो आणि मधल्या चाकांमार्फत स्प्रिंग थोडी थोडी आवळली जाते. रोटरच्या बऱ्याच फेऱ्या झाल्या की स्प्रिंगच्या डबीचा एक फेरा होतो. म्हणजे प्रत्येक हालचालीतून मिळणारी भर अगदी किरकोळ असते. दिवसभरातल्या हजारो छोट्या हालचाली एकत्र आल्या तरच पुरेशी ताकद साठते.

ही साठवण किती काळ पुरते त्याला ‘पॉवर रिझर्व्ह’ म्हणतात. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या अनेक घड्याळांत बसवले जाणारे जपानी मियोटा ८२१५ हे यंत्र पूर्ण भरल्यावर साधारण ४२ तास चालते. सेकोचे एनएच ३५ साधारण ४१ तास, तर स्वित्झर्लंडचे ईटीए २८२४-२ साधारण ३८ तास चालते. अलीकडच्या काही स्विस यंत्रांत हा काळ ८० तासांपर्यंत नेला आहे. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलेले साधे ऑटोमॅटिक घड्याळ रविवारी थांबलेले आढळले तर तो बिघाड नाही. त्याची क्षमताच तेवढी आहे.

ही कल्पना आली कुठून?

स्वयंचलित घड्याळाची कल्पना मनगटी घड्याळाहून जुनी आहे. स्विस कारागीर अब्राहम-लुई पेरेले यांनी १७७०च्या दशकात खिशातल्या घड्याळासाठी अशी यंत्रणा तयार केली. तेवढे घड्याळ पूर्ण भरायला १५ मिनिटे चालावे लागते आणि मग ते आठ दिवस चालते, अशी नोंद जिनिव्हाच्या कलासंस्थेने १७७७मध्ये केली होती. पण घड्याळ खिशात फारसे हलत नाही. त्यामुळे ही कल्पना दीडशे वर्षे मागे पडली.

पहिल्या महायुद्धानंतर घड्याळ खिशातून मनगटावर आले आणि चित्र बदलले. ब्रिटिश घड्याळजी जॉन हारवूड यांना १९२४मध्ये ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचे स्विस पेटंट मिळाले. त्यांच्या रचनेत वजन पूर्ण गोल फिरत नसे, दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांवर आपटून परत येई. १९३१मध्ये रोलेक्सने पूर्ण ३६० अंश फिरणारा रोटर आणला. आजची बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळे त्याच तत्त्वावर चालतात. १९५९मध्ये सेकोने ‘मॅजिक लिव्हर’ ही सोपी रचना आणली. तिच्यामुळे रोटर कोणत्याही दिशेला फिरला तरी स्प्रिंग भरू लागली आणि यंत्र स्वस्तही झाले.

महाराष्ट्रातल्या घरांत हे घड्याळ कसे आले?

त्याचे मोठे श्रेय एचएमटीला जाते. हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कंपनीने १९६१मध्ये जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’ आणि ‘पायलट’ ही रोज चावी द्यायची मॉडेल घराघरांत पोहोचली. त्यांच्या वरच्या पायरीवर ऑटोमॅटिक घड्याळे होती. वार आणि तारीख दाखवणारे ‘कांचन’ हे सोनेरी ऑटोमॅटिक लग्नात जावयाला देण्यासाठी विशेष मागणीत असे. चावी न देता चालणारे घड्याळ हातात असणे ही त्या काळी मिरवण्याची गोष्ट होती.

पुढे सेलच्या घड्याळांनी बाजी मारली. सेकोने २५ डिसेंबर १९६९ रोजी जगातले पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. भारतात १९८०च्या दशकात टायटनने क्वार्ट्झवर भर दिला. सेलचे घड्याळ स्वस्त, पातळ आणि वेळेला चोख होते. एचएमटी मागे पडत गेली आणि जानेवारी २०१६मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्याला मंजुरी दिली. पण घराघरांत कपाटात पडलेली घड्याळे तशीच राहिली. गेल्या काही वर्षांत जुन्या एचएमटीचे संग्राहक वाढले, नव्या ऑटोमॅटिक घड्याळांचीही हौस वाढली. एकाकडे चार-पाच घड्याळे असली की एक हातात आणि बाकीची बंद. वाइंडरचे गिऱ्हाईक तिथे तयार होते.

वाइंडर नेमके काय करतो?

पेटीच्या आत छोटी मोटर असते. घड्याळ एका उशीवर बसवायचे आणि ती उशी पेटीत अडकवायची. मोटर उशी सावकाश फिरवते. घड्याळ फिरते, पण आतला जड रोटर खालच्या बाजूला राहू पाहतो. त्यामुळे दोघांमध्ये सापेक्ष फेरा होतो आणि स्प्रिंग भरते. मनगटाचे काम मोटर करते, एवढाच याचा अर्थ.

वाइंडर घेताना दोन गोष्टी पाहतात. एक, दिवसाला किती फेरे. दोन, कोणत्या दिशेने. बहुतेक ऑटोमॅटिक घड्याळांना दिवसाला ६५० ते ९०० फेरे पुरतात. हे ऐकायला खूप वाटते, पण हिशेब सोपा आहे. मिनिटाला १० फेरे या वेगाने ६५० फेरे व्हायला ६५ मिनिटे लागतात. म्हणजे २४ तासांत पेटीने जेमतेम तासभर फिरायचे आणि उरलेला वेळ थांबून राहायचे. चांगल्या पेट्या काही मिनिटे फिरतात आणि मग बराच वेळ विश्रांती घेतात, ते याचसाठी.

दिशेचा मुद्दा तितकाच महत्त्वाचा. सेको एनएच ३५ आणि ईटीए २८२४-२ यांचा रोटर दोन्ही दिशांना फिरताना स्प्रिंग भरतो. मियोटा ८२१५ मात्र एकाच दिशेने भरते, दुसऱ्या दिशेला रोटर नुसताच भिरभिरतो. असे घड्याळ चुकीच्या दिशेच्या पेटीत रात्रभर फिरले तरी सकाळी बंदच मिळेल. पेटी बिघडली असे ग्राहकाला वाटते, प्रत्यक्षात बटण चुकीच्या जागी असते. तुमच्या घड्याळातले यंत्र कोणते आहे ते माहीत नसेल तर दोन्ही दिशांना आलटून पालटून फिरणारी सेटिंग निवडणे सुरक्षित.

सेलच्या घड्याळाला वाइंडरचा काहीही उपयोग नाही. रोज चावी द्यायच्या घड्याळालाही नाही, कारण त्यात रोटरच नसतो. ‘जनता’ किंवा ‘पायलट’ पेटीत घालून फायदा शून्य.

जास्त फिरवले तर स्प्रिंग तुटते का?

ही भीती घरोघरी ऐकू येते. चावीच्या घड्याळाला शेवटपर्यंत चावी देऊन वर आणखी जोर लावला तर इजा होऊ शकते, त्यातून ही समजूत आली असावी. ऑटोमॅटिकमध्ये मात्र स्प्रिंगचे बाहेरचे टोक डबीला पक्के जोडलेले नसते. ते डबीच्या भिंतीला दाबून धरलेले असते. स्प्रिंग पूर्ण भरली की हे टोक भिंतीवरून घसरते आणि जादा ताकद तिथेच सुटून जाते. त्यामुळे ‘जास्त चावी बसली’ हा प्रकार नीट चालणाऱ्या ऑटोमॅटिकमध्ये होत नाही.

पण याचा अर्थ अमर्याद फिरवावे असा नाही. रोटरचा आस, त्याखालचे बेअरिंग, दिशा बदलणारी चाके हे भाग प्रत्येक फेऱ्याला थोडे झिजतात. दिवसरात्र न थांबता फिरणारी स्वस्त पेटी स्प्रिंग तोडणार नाही, पण या भागांना विनाकारण राबवेल.

घड्याळ बंद राहिले तर ते खराब होते का?

वाइंडरच्या जाहिरातींचा सगळा जोर याच मुद्द्यावर असतो. घड्याळ थांबले की आतले तेल गोठते, म्हणून ते सतत चालू हवे, असे सांगितले जाते. जुन्या काळी घड्याळात प्राणिज तेले वापरत, तेव्हा या म्हणण्यात तथ्य होते. ती तेले लवकर घट्ट होत. आज कारागीर कृत्रिम तेले वापरतात. तीही कालांतराने सुकतात, पसरतात, पण ते वयाने. घड्याळ चालू आहे की बंद, याने त्यात फारसा फरक पडत नाही. पेटीत पाच वर्षे फिरलेल्या घड्याळातले तेलही पाच वर्षांनी जुनेच झालेले असते.

दुसरा साधा पुरावा दुकानात आहे. नवे घड्याळ कारखान्यातून निघून ग्राहकाच्या हातात पडेपर्यंत अनेक महिने जाऊ शकतात. तेवढा काळ ते बहुतेक बंदच असते. त्याने ते बिघडत नाही.

झीजेचाही हिशेब मांडून पाहा. तासाला २१,६०० ठोके म्हणजे सेकंदाला सहा. दिवसाला होतात ५ लाख १८ हजार ४००. वर्षभर अखंड चालले तर सुमारे १८ कोटी ९२ लाख ठोके. जे घड्याळ तुम्ही वर्षातून फक्त गणपतीला आणि शिमग्याला घालता, ते बाकीचे साडेअकरा महिने पेटीत चालवून हे कोट्यवधी ठोके कशासाठी खर्च करायचे? मोटारसायकल वापरात नाही म्हणून कुणी ती वर्षभर अंगणात चालू ठेवत नाही.

महिन्यातून एकदा बंद घड्याळाला चावी देऊन दिवसभर चालू द्यावे, एवढे पुरते. त्याने आतले भाग हलतात आणि काही बिघाड सुरू झाला असेल तर तोही वेळीच कळतो.

मग वाइंडर चालू घड्याळ देतो, बरोबर वेळ देतो का?

हा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. वाइंडर घड्याळ चालू ठेवतो, वेळ दुरुस्त करत नाही. स्प्रिंगवर चालणारे साधे ऑटोमॅटिक दिवसाला दहा-पंधरा सेकंद पुढे-मागे होणे ही सामान्य गोष्ट आहे. दिवसाला १५ सेकंद धरले तर महिन्याला ४५० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटे होतात. महिनाभर पेटीत ‘चालू’ असलेले घड्याळ काढून हातात घातले आणि त्यावर विसंबून रत्नागिरी स्थानकात गाडी पकडायला गेलात, तर मोबाइलमधली वेळ आधी पाहिलेली बरी. बंद घड्याळाला चावी देऊन वेळ लावायला एक मिनिट लागते आणि ती वेळ नक्की बरोबर असते.

वाइंडर कुणाच्या कामाचा आहे?

तरीही तो निरुपयोगी नाही. काही परिस्थितींत त्याची सोय खरी आहे.

पहिली, गुंतागुंतीचे कॅलेंडर असलेली घड्याळे. ‘पर्पेच्युअल कॅलेंडर’ प्रकारच्या महागड्या घड्याळांत तारीख, वार, महिना आणि लीप वर्षही आपोआप धरले जाते. ते २१००च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत हाताने दुरुस्त करावे लागत नाही, अट एकच की ते थांबता कामा नये. थांबले तर सगळे पुन्हा जुळवणे किचकट असते आणि चुकले तर यंत्र दुखावते. अशा घड्याळाच्या मालकासाठी वाइंडरचा खर्च वाजवी आहे.

दुसरी, चावीने भरता न येणारी घड्याळे. सेकोच्या अनेक जुन्या ‘सेको ५’ घड्याळांत ७एस२६ हे यंत्र आहे. त्याची चावी फिरवून स्प्रिंग भरत नाही. घड्याळ आडवे धरून हलकेच गोल फिरवावे लागते. बोटांत ताकद नसलेल्या वृद्धांना हेही जड जाते.

तिसरी, दोन-तीन घड्याळे आलटून पालटून घालणारे. सकाळच्या घाईत तारीख लावायला वेळ नसतो, त्यांना आठवड्याभरासाठी पेटी सोयीची पडते.

दुरुस्तीनंतर कारागीरही घड्याळ अशाच फिरत्या यंत्रावर काही दिवस तपासतात. तिथे उद्देश वेगळा असतो. हाताच्या हालचालीची नक्कल करून घड्याळ नीट भरते की नाही, ते पाहायचे असते.

आरे-वारेच्या हवेत घड्याळाला खरा धोका कशाचा?

किनाऱ्यालगतच्या घरांत खिडकीचे गज, सायकलची साखळी, गॅसची शेगडी, सगळ्याला गंज लवकर चढतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे सूक्ष्म कण असतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. त्या काळात कपाटातल्या चपला, पट्टे, पुस्तके यांवर बुरशी येते. तीच हवा घड्याळालाही लागते.

घड्याळाचे आतले यंत्र बाहेरच्या हवेपासून वाचवतात ते रबराचे पातळ गोल वॉशर. एक मागच्या झाकणाखाली, एक चावीच्या दांडीवर आणि एक काचेभोवती. ही रबरे काही वर्षांत कडक होतात, त्यांना चिरा पडतात. तीस-चाळीस वर्षांच्या एचएमटीत मूळ रबर असेल तर ते नावापुरतेच. त्यातून ओल आत जाते, चावीच्या दांडीला गंज धरतो, तबकडीवर ठिपके येतात. वाइंडर यातले काहीही थांबवू शकत नाही. उलट मखमली अस्तराची बंद पेटी पावसाळ्यात ओल धरून ठेवते. कातडी पट्ट्याचे घड्याळ त्यात महिनाभर फिरत ठेवले तर घड्याळ चालू आणि पट्ट्यावर बुरशी, असे होऊ शकते.

घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेले असते, त्यानेही फसगत होते. त्याचा अर्थ तीस मीटर खोल पाण्यात चालते असा नाही. हात धुताना उडालेले पाणी सोसेल, एवढेच. ते घालून आरे-वारेच्या लाटांत उतरू नये. खारे पाणी लागलेच तर घड्याळाची चावी नीट आत दाबलेली आहे ना ते पाहून ओल्या फडक्याने पुसावे, मग कोरड्या. काचेच्या आतून धुके दिसले तर ते तांदळाच्या डब्यात ठेवून वाट पाहू नये. खारी ओल आत थांबली की गंज काही दिवसांतच सुरू होतो. त्याच दिवशी कारागिराकडे नेऊन उघडून घ्यावे.

आणखी एक शत्रू म्हणजे चुंबक. मोबाइलचा स्पीकर, टॅबचे चुंबकी कव्हर, साउंड बॉक्स यांच्याजवळ ठेवलेल्या घड्याळातली केसासारखी बारीक स्प्रिंग चुंबकित होते, तिचे वेढे एकमेकांना चिकटू पाहतात आणि घड्याळ दिवसाला काही मिनिटेसुद्धा पुढे पळू लागते. वाइंडरमध्येही मोटर असते. चांगल्या पेटीत तिला आवरण असते, अगदी स्वस्त पेटीत असेलच असे नाही. पेटीत ठेवल्यापासून घड्याळ अचानक पुढे जाऊ लागले तर पहिला संशय यावर घ्यावा. चुंबकत्व काढणे कारागिराचे काही मिनिटांचे काम आहे.

शेवटचा मुद्दा विजेचा. जून २०२०मध्ये निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातली अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हाही वीज गेली. दर पावसाळ्यात छोट्या-मोठ्या खंडांची तर सवयच आहे. विजेवर चालणारी पेटी अशा वेळी थांबते आणि ४० तासांनी घड्याळही. मनगटाला वीज लागत नाही.

घ्यायचाच असेल तर काय पाहावे?

साधे वाइंडर दोन-तीन हजार रुपयांपासून मिळतात, उंची पेट्यांची किंमत लाखात जाते. किमतीपेक्षा पुढच्या गोष्टी पाहाव्यात. फेऱ्यांची संख्या आणि दिशा बदलता येते का. फिरणे आणि थांबणे असे चक्र आहे का. विजेसोबत सेलवरही चालतो का. मोटरचा आवाज किती, कारण उशाशी घरघर नको. उशी घड्याळाच्या पट्ट्याला योग्य मापाची आहे का, कारण सैल घड्याळ आत घसरून आपटते. आणि सुरुवात कमीत कमी फेऱ्यांपासून करावी. घड्याळ थांबले तरच फेरे वाढवावेत.

जुने घड्याळ असेल तर आधी ते सर्व्हिसिंगला द्यावे. तेल सुकलेले यंत्र पेटीत घालून चालवणे म्हणजे कोरडी साखळी ओढत सायकल हाकणे. साधारण पाच ते दहा वर्षांनी आतली सफाई, तेल आणि नवी रबरे, एवढे केले तर तोच पैसा घड्याळाच्या आयुष्यात जास्त भर घालतो.

पेटीशिवाय घड्याळ कसे सांभाळावे?

बंद पडलेले ऑटोमॅटिक हातात घालून नुसते हलवू नये. चावीने भरता येत असेल तर आधी सावकाश वीस-तीस फेरे द्यावेत, मग वेळ लावावी. रात्री नऊ ते पहाटे तीन या काळात तारीख पटकन बदलण्याची सोय वापरू नये. त्या वेळी आतली चाके तारीख पुढे ढकलण्याच्या तयारीत असतात आणि मध्ये जोर लावला तर दाता मोडू शकतो. घड्याळ थांबलेले असेल तर काटे आधी सहाच्या आसपास आणावेत, मग तारीख लावावी. ठेवताना घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवावे. पुड्या पावसाळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी बदलाव्यात. कातडी पट्टा काढून वेगळा ठेवावा.

आणि आजोबांचे घड्याळ?

ते रत्नागिरीतल्या एका कारागिराकडे नेले. त्याने उघडून पाहिले, जुने तेल काढून नवे भरले, रबरे बदलली. चावीने पूर्ण भरून रात्रभर ठेवले तर ते दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत थांबले नाही. मग त्याने आजोबांच्या दिनक्रमाबद्दल विचारले. शस्त्रक्रियेआधी ते पहाटे किनाऱ्यापर्यंत चालत, बागेत माडांना पाणी लावत, दुपारी शेजारी फेरी मारत. आता दिवस पडवीतल्या खुर्चीत जातो. घड्याळ दिवसभर हातात असते हे खरे, पण हातच फारसा हलत नाही. दिवसा जेवढे भरते त्यापेक्षा रात्री जास्त खर्च होते आणि पहाटे स्प्रिंग रिकामी. घड्याळ बरोबरच चालले होते. आमच्यापैकी कुणी त्याकडे तसे पाहिले नव्हते.

पेटी चुलत भावाने परत मुंबईला नेली. त्याच्याकडे तीन ऑटोमॅटिक आहेत, तिथे ती कामाला येते. आजोबा आता सकाळी चहा होईपर्यंत घड्याळाची चावी मोजून पंचवीस फेरे फिरवतात. फिजिओथेरपिस्टने सांगितलेले चालणेही सुरू आहे, आधी अंगणात, आता रस्त्यापर्यंत. मध्यंतरी दोन दिवस चावी द्यायची राहून गेली, तरी घड्याळ सकाळी चालू होते. हे त्यांनी फोनवर स्वतःहून सांगितले आणि पुढे पावसाबद्दल बोलू लागले.

तुमच्या घरातल्या ज्येष्ठांचे ऑटोमॅटिक घड्याळ अलीकडे पहाटे बंद पडू लागले असेल तर पेटी मागवण्याआधी दोन गोष्टी कराव्यात. चावीने पूर्ण भरून ते टेबलावर ठेवावे आणि किती तास चालते ते मोजावे. ३५-४० तास चालले तर घड्याळ ठीक आहे. मग घड्याळ घालणाऱ्याची चौकशी करावी.